दोनाचे अकरा

शनिवारी दुपारी जेवणाचं टेबल पुसून झालं, तसे बाबांनी त्यावर भाषणाचे कागद पसरले आणि थोरलीने चष्मा लावला. उद्या स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं पूर्ण होत होती. नेमका रविवार आला होता. चर्चमधल्या सकाळच्या उपासनेत मंडळीच्या वतीने देवाचे आभार मानायचे होते, आणि ते काम बाबांशिवाय दुसऱ्या कुणाकडे जाण्याचा प्रश्नच नव्हता. परक्यांच्या राज्यात चार वर्षं तुरुंगात काढून पुढे स्वतःच्या राज्यात याच शहराचा जिल्हाधिकारी झालेला माणूस मंडळीत एकच होता.

"'आम्ही' फार वेळा येतंय," थोरली म्हणाली. ती सरकारी इस्पितळात मेट्रन होती. चादरीवरची सुरकुती आणि वाक्यातला फापटपसारा तिला सारखाच खुपायचा. "'आम्ही कोठडीत प्रार्थना केली', 'आम्ही स्वप्न पाहिलं'. आम्ही म्हणजे कोण कोण, बाबा?"

विचारून झाल्यावर तिने जीभ चावली.

त्या कोठडीत दोघंच होते: बाबा आणि मामा. मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ, छापखान्यातला जुळारी, शिशाचा एकेक खिळा उचलून ओळी जुळवणारा. बाबा तेव्हा तरुण वकील होते. ते पत्रकं लिहायचे, मामा ती जुळवायचा, आणि पोलिसांनी दोघांना एकाच बेडीत नेलं होतं. पुढे स्वातंत्र्याच्या तिसऱ्या वर्षी, रेल्वेच्या संपात, मामाला पुन्हा त्याच तुरुंगात धाडण्यात आलं. त्या हुकमाखाली सही बाबांची होती. तीन वर्षांनी मामा सुटला, पण घरी न येता देशाच्या दुसऱ्या टोकाला निघून गेला. त्याला आता एकोणीस वर्षं होत आली होती, आणि या घरात त्याचा विषय कुणी काढत नसे.

"'आम्ही' खोडू का?" थोरलीने हळूच विचारलं.

"राहू दे. खोडून काय 'मी' लिहू?"

तेवढ्यात धाकटा आला. तो याच मंडळीचा पाळक होता, आणि शनिवारी दुपारी उद्याच्या उपदेशाची तयारी सोडून तो कधीच येत नसे. तो बसला नाही.

"मामा आलाय," तो म्हणाला. "परवापासून इथेच आहे. छापखान्याच्या मागच्या खोलीत उतरलाय."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

"तुला कुणी सांगितलं?" बाबांनी विचारलं.

"मीच बोलावलं. पत्र लिहून."

"आम्हाला न सांगता?" थोरली उठलीच. "आणि उद्याचाच दिवस मिळाला तुला, पाळकसाहेब?"

"ताई, पंचवीस वर्षांचे आभार मानायचे, आणि ज्याने त्यासाठी..."

"ज्याने शहर पेटवलं! तेही वाच आभारात. तू आठ वर्षांचा होतास, मी पंधरा. शाळेच्या गच्चीवरून मी तो धूर पाहिलाय. बाबांनी सही केली नसती तर नदीवरचा पूल उरला नसता. स्वतःचा मेहुणा म्हणून सोडलं नाही, हे मी वर्गात मान ताठ करून सांगायची."

बाबा कागदांच्या कडा जुळवत होते. "घरी का नाही आला तो?"

"म्हणतो, तुम्ही बोलावलंत तर येईन."

आई दारात येऊन उभी होती, ओले हात पुसत. "मी जाते," ती म्हणाली.

"आई, उद्याचं पार पडू दे ना. एवढी वर्षं गेली, एक दिवस..."

"एवढी वर्षं गेली म्हणूनच," आई म्हणाली, आणि नवऱ्याकडे वळली. "अहो, मी जातेय." त्यात विचारणं नव्हतं.

"जा. आणि त्याला..." बाबांचं वाक्य तिथेच अडलं.

"काय सांगू?"

"काही नाही. जा तू."

छापखाना दोनच गल्ल्या पलीकडे होता, पण आईने इतकी वर्षं तो रस्ता टाळला होता. बाजाराला जाताना मुद्दाम वळसा घेत असे. मागच्या खोलीत शाईचा आणि रॉकेलचा तोच वास होता. खिडकीपाशी खिळ्यांच्या खणांसमोर एक म्हातारा पाठमोरा उभा होता. केस पांढरे. आईच्या डोळ्यांसमोर इतकी वर्षं काळ्या केसांचा माणूस होता, त्यामुळे क्षणभर तिला वाटलं, आपण चुकीच्या खोलीत आलो.

"चिमे, दार लाव," तो मागे न बघता म्हणाला. "वाऱ्याने कागद उडतात."

लहानपणापासून तिला चिमणी म्हणणारा एवढा एकच माणूस जगात उरला होता. तिला हसू आलं, आणि हसता हसता गाल ओले झाले.

"पाठ किती वाकली तुझी, दादा."

"वयच झालं."

"आणि दात?"

"दोन देशाला दिले. बाकीचे असेच गेले."

ती कागदाच्या गठ्ठ्यावर बसली, तो स्टुलावर. नात्यातली माणसं गेल्याचं, मुलांच्या शिक्षणाचं, कोण कुठे असतं, असं बोलणं झालं. मग त्याने एकदम विचारलं, "तो अजून तसाच बेसूर गातो?"

"पूर्वीपेक्षा जास्त. आता ऐकू कमी येतं, त्यामुळे अगदी मोकळ्या गळ्याने."

मामा हसला. "कोठडीत आम्ही रोज एक स्तोत्र म्हणायचो. मी सूर धरायचो, तो सोडायचा. तिकडच्या मंडळीत सगळे कसे छान सुरात गातात. मला चुकल्याचुकल्यासारखं होतं, चिमे. एकोणीस वर्षं कुणी माझ्या कानाशी बेसूर गायलं नाही."

मग आईने जे कधीच कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. "तुला नेलं त्या दिवसापासून मी प्रभुभोजन घेतलेलं नाही. भाकर येते, प्याला येतो, मी तो पुढे सरकवते. मनात अढी ठेवून घेऊ नये म्हणतात, आणि माझी अढी निघत नव्हती. संसार केला यांच्याशी, दुखण्याखुपण्यात पाय चेपले, पण माझ्या निरपराध भावाला..."

"निरपराध म्हणू नकोस," मामा म्हणाला. हातातला खिळा त्याने खणात ठेवला, पण चुकीच्या घरात पडला. तो पुन्हा उचलून नीट ठेवला. "तेच सांगायला आलोय मी. त्याला सांगणार होतो, पण आधी तू ऐक. संपात गोळीबार झाला तेव्हा रेल्वेच्या यार्डात किती माणसं मेली?"

"अकरा. तुझ्या पत्रकातच होतं."

"दोन. मी जवळून पाहिली. दोघंही ओळखीचे. इथे येऊन मी ओळ जुळवली, 'दोन ठार'. तिच्याकडे पाहिलं, आणि ती फिकी वाटली. मग मी 'दोन' काढलं आणि 'अकरा' बसवलं. कुणी सांगितलं नव्हतं. संपाच्या कमिटीलाही पत्रक वाटून झाल्यावर कळलं."

"दोन कमी होते, दादा?"

"दोन पुष्कळ होते. मला कमी वाटले."

बाहेर कुणीतरी हातगाडी ओढत गेलं.

"दिवस मावळायच्या आत लोक 'अकरांचा बदला' म्हणत रेल्वेच्या वसाहतीत शिरले," मामा म्हणाला. "रूळ बदलणारा एक पॉइंट्समन संपावर गेला नव्हता. त्याचं घर पेटवलं. आत त्याची बायको होती. माझी ओळ घोकत गेले ते, चिमे. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी मला पकडलं ते पूल उडवायच्या कटाखाली. तो कट साफ खोटा. खऱ्या गुन्ह्यासाठी आत जायला हवं होतं, खोट्यासाठी गेलो, आणि ते खोटं मी उराशी धरून बसलो. तीन वर्षं हुतात्मा होऊन राहिलो. तुझ्या नवऱ्यावरचा राग माझं पांघरूण होतं. ते काढलं असतं तर खाली ती बाई दिसली असती. सुटल्यावर घरी कसा येऊ? तू मला निरपराध म्हणून जवळ घेतलं असतंस."

आईला राग आला, खरा आणि ताजा. आयुष्यात पहिल्यांदाच भावाचा. "मग मी इतकी वर्षं उपाशी राहिले ती कुणासाठी? एकाला पापी धरलं, एकाला संत, आणि दोघांचंही चुकीचं?"

"एकाचंच चुकीचं," मामा म्हणाला. "तोही काही संत नाही."

या बोलण्यावर कसं कोण जाणे, तिला हसू आलं. "घरी चल," ती म्हणाली.

"मानपानासाठी नाही अडलो मी. त्या दारात उभं राहायचं धैर्य नाही. तो आला, तर बोलेन."

तिकडे घरी धाकटा बाबांसमोर खुर्ची ओढून बसला होता. "बाबा, तुम्ही त्याला निरोप पाठवा. उद्या मंडळीसमोर तुम्ही दोघं नुसते शेजारी उभे राहिलात तरी..."

"मंडळीसमोर?" बाबांनी मान वर केली. "तुला आमचा समेट हवाय, की उपदेशाला दृष्टान्त?"

धाकट्याचे कान लाल झाले. उपदेश लिहून तयार होता. त्याच्या तिसऱ्या पानावर दोन म्हातारे एकमेकांना मिठी मारत होते. "दोन्ही," तो शेवटी म्हणाला.

बाबांना हसू आलं. "बरं झालं. या घरात एक तरी माणूस सरळ निघेल अशी मला उगाच धास्ती होती." मग हसू मावळलं. "ऐक. पोलिसांनी पुलाच्या कटाचा अहवाल आणला. मी वकील होतो. दोन पानं चाळली आणि कळलं, पुरावा काडीचा नाही. पण गावात बोलत होते, साहेबांचा मेहुणा म्हणून मोकळा फिरतोय. मला ते सहन होईना. आणि पुरावा नसताना डांबायचं म्हणजे ते एक कलम होतं. परक्यांनी त्याच कलमाखाली आम्हाला डांबलं तेव्हा मी भर कोर्टात त्याला काळं कलम म्हटलं होतं. राज्य आलं, झेंडा बदलला, कलम आम्ही ठेवून दिलं. उपयोगी पडेल म्हणून. मी सही केली, आणि नंतर चहा घेतला. तो चहा गार झाला होता, एवढं आठवतं."

थोरली आतल्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"म्हणजे पुलाचं खोटं?" तिने विचारलं. "मी शाळेत सांगायची ते..."

"ते खरं असावं असं मलाही वाटायचं, बाळा. तू सांगायचीस तेव्हा तर फारच."

टेबलावरचे कागद थोरलीने गोळा केले, क्रमाने लावले, आणि त्यांच्यावर हात ठेवून बसून राहिली. तिला रडायचं नव्हतं. तिला फक्त पंधरा वर्षांची व्हायचं होतं, त्या गच्चीवर, धूर दिसण्याआधीची.

आई परत आली ती एवढंच म्हणाली, "दादाला तुम्हाला काही सांगायचंय. मी सांगणार नाही. तुम्ही जा."

रविवारी सकाळी आठच्या सुमारास बाबा छापखान्याच्या मागच्या दारात उभे राहिले. आई चार पावलं मागे थांबली. मामा दाढी करत होता, एक गाल साबणाने पांढरा.

"वकिला," तो आरशातच म्हणाला, "थांब, एवढा गाल होऊ दे."

"नाही, तसाच ऐक. नाहीतर माझं राहून जाईल. पुलाचा कट खोटा होता, हे मला सही करतानाच माहीत होतं."

"आणि अकरा खोटे होते, हे मला जुळवतानाच माहीत होतं."

"कुठले अकरा?"

मामाने सांगितलं. साबण गालावर वाळत गेला. ऐकता ऐकता बाबा कागदाच्या गठ्ठ्यावर बसले.

"त्या घराची चौकशी मी बंद केली होती," ते हळूच म्हणाले. "'जमावाचे कृत्य' असा शेरा मारला. मला पुलाचा कट हवा होता, घर नको होतं. नीट चौकशी केली असती तर तुझे अकरा तेव्हाच सापडले असते."

"म्हणजे दोघांनी मिळून लपवलं. न ठरवता."

"जुनी सवय. आपण सगळंच मिळून करायचो."

मामाने टॉवेलने गाल पुसला. "आठवतं? तू म्हणायचास, परके गेले की तुरुंग पाडून तिथे बाग करू."

"शाळा. बाग तू म्हणायचास."

"गुलाबांची."

"आणि मी तुला तिथेच परत पाठवलं," बाबा म्हणाले. "परक्यांची शेवटची बोट सुटली तेव्हा मी धक्क्यावर होतो. मला खरंच वाटलं, जुळाऱ्या, त्यांच्या ट्रंकांबरोबर पापही गेलं."

"ते कसं जाईल? ते घरचंच."

"मग सगळं फुकट गेलं म्हणायचं?"

मामाने मान हलवली. "नाही रे. परक्यांनी पकडलं तेव्हा मला नुसती चीड आली. तू पकडलंस तेव्हा मी रडलो. ज्याच्याकडे न्याय मागावासा वाटतो असा माणूस खुर्चीवर बसणं, तेच तर आपण मिळवलं होतं. ते फुकट कसं? फक्त, त्या माणसाच्या हातून देवाचं काम होईल असं धरून चाललो, तिथे फसलो. त्याच्याही आणि माझ्याही बाबतीत."

"मी अजून वाट बघतो त्या देशाची. कोठडीतल्या."

"तो वर आहे, असं तुझा मुलगा म्हणतो."

"ठाऊक आहे. मला थोडासा इथे हवा होता."

"मलाही," मामा म्हणाला.

कुणी कुणाला मिठी मारली नाही. मामाने स्टूल सरकवून बाबांजवळ घेतलं आणि दोघं गुडघ्याला गुडघा लावून बसले, कोठडीत जागा नव्हती म्हणून बसत तसे.

"आपल्या दोघांचं सोपं होतं," थोड्या वेळाने मामा म्हणाला. "तू माझं विसरायचं, मी तुझं. तो पॉइंट्समन आहे अजून?"

"आहे. त्याच घरात. डागडुजी करून राहतो."

"आज जाऊ या."

"आज दहाला मला आभार मानायचेत."

"मग उद्या?"

बाबांनी दाराकडे पाहिलं. धाकटा त्यांना न्यायला येऊन आईजवळ उभा होता. "आजच," बाबा म्हणाले.

"बाबा, सगळं शहर येणारे!" धाकटा म्हणाला. "मी मंडळीला काय सांगू?"

"खरं ते सांग," आई म्हणाली. "तेवढ्यासाठीच तर तुला उभं करतात तिथे."

दहा वाजता देवळात बसायला जागा नव्हती. पुढच्या बाकावर पाहुणे होते, हारतुरे होते, आणि बाबांची जागा रिकामी होती. धाकटा वेदीशी उभा राहिला. तिसरं पान त्याने घरीच ठेवलं होतं; त्यामुळे दुसऱ्या पानानंतर काय बोलायचं ते त्याला ठाऊक नव्हतं. "माझे वडील येणार नाहीत," तो म्हणाला, आणि कुजबुज सुरू झाल्यावर पुढचे शब्द त्याला सुचेनात. आजवर इतकं उघडं वाटलं नव्हतं त्याला.

तेव्हा थोरली उठली. वॉर्डातून जाते तशी ताठ चालत पुढे आली.

"माझे वडील आणि मामा एका माणसाची माफी मागायला गेलेत," ती म्हणाली. "काय केलं होतं ते तेच सांगतील. आभाराची प्रार्थना मी करते." तिने डोळे मिटले. हातात भाषण नव्हतं. "देवा, तू हा देश दिलास. आम्ही चांगले होतो म्हणून नाही दिलास. आम्ही असे असूनही दिलास. आम्हाला वाटलं, तो मिळाला की आम्ही आपोआप बरे होऊ. तसं झालं नाही. तरी तो काढून घेऊ नकोस. आणि आम्हाला..." इथे ती अडली. मागच्या बाकावरून कुणीतरी "आमेन" म्हटलं, वाक्य पुरं व्हायच्या आधीच, आणि मग सगळ्यांनी म्हटलं.

बाबा, मामा आणि आई वसाहतीत पोचली तेव्हा तिथे शुकशुकाट होता. सुट्टी म्हणून लोक मिरवणूक बघायला गेले होते. पॉइंट्समन घराबाहेरच्या बाकावर बसला होता, सत्तरी ओलांडलेला, कान रुळांकडे लावून. छापखान्यापासून इथपर्यंत मामाने वाक्य मनात दहा वेळा जुळवलं होतं, आणि आता ते विस्कटलं.

"तुमचं घर जाळलं त्या दिवशीचं पत्रक," तो म्हणाला. "त्यात अकरा मेले असं होतं. मेले होते दोन. अकरा मी लावले."

"आणि तुमची चौकशी मी बंद केली," बाबा म्हणाले. "पुढे जाऊ दिली असती तर तुम्हाला न्याय मिळाला असता. मला तो नको होता."

पॉइंट्समनने दोघांकडे पाहिलं. "माफी मागायला आलात?"

"हो."

"ती माझ्याकडे नाही." आवाजात राग नव्हता. "शोधली मी. देवळात जाऊनही शोधली. असती तर कधीच देऊन टाकली असती. मलाच हलकं वाटलं असतं."

मालगाडी आली. डब्यांमागून डबे जात राहिले, आणि चौघं ती संपायची वाट बघत तशीच थांबली. मामाला वाटलं, आता निघावं; याहून जास्त मागायचा आपल्याला हक्क नाही. त्याने बाबांच्या कोपराला हात लावला.

तेव्हा आई पुढे झाली. "त्या कशा होत्या?" तिने विचारलं.

पॉइंट्समनने मान वर केली. "काय?"

"तुमच्या बाई. कशा होत्या?"

"कशी मेली ते विचारायला पुष्कळ आले. पोलीस आले, पेपरवाले आले, संपवाले आले. हे..." त्याने तोंडावरून हात फिरवला. मग बाकावर एका कडेला सरकला आणि आईला म्हणाला, "बसा."

आई बसली. दोघं म्हातारे समोर उभेच होते, कुठे बघावं ते न कळून.

"तुम्हीही बसा," पॉइंट्समन पायरीकडे बोट दाखवत म्हणाला. "उभ्याउभ्या सांगण्यासारखी नव्हती ती."